टेन्सचा तक्ता कुणी बनवला?

आजचा एपिसोड ग्रामरचा आहे असं समजून कुणी स्किप करणार असेल तर थांबा. हा इतिहासाचाच एपिसोड आहे. फक्त आज राजा नाही, किल्ला नाही (खरं तर एक किल्ला येतो मध्ये), आज आपण एका तक्त्याचा इतिहास बघणार आहोत.

जालन्यात, अंबडला, परतूरला, कुठल्याही इंग्लिश स्पीकिंगच्या क्लासमध्ये जा. भिंतीवर तो असतोच. आडवे तीन काळ: प्रेझेंट, पास्ट, फ्युचर. उभे चार प्रकार: सिम्पल, कंटिन्युअस, परफेक्ट, परफेक्ट कंटिन्युअस. तीन चोक बारा. प्रत्येक चौकटीत एक हेल्पिंग व्हर्ब बसवलेलं: ॲम, इज, आर, वॉज, वेअर, हॅव, हॅज, हॅड, विल, शॅल. पोरं तो पाढ्यासारखा घोकतात. माझ्या वर्गात अशी पोरं होती जी झोपेतून उठवलं तरी बाराही चौकटी म्हणून दाखवायची, आणि 'तू इथे कधीपासून राहतोस' एवढं इंग्रजीत विचारलं की गप्प.

हे गप्प होणं महागात पडतं. आमच्या आयटीत रोज सकाळी स्टँडअप नावाचा प्रकार असतो. काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय. दोन मिनिटांत तीन काळ! भोकरदन तालुक्यातला माझा एक मित्र, कोडिंगमध्ये आमच्या सगळ्यांच्या पुढे, त्या दोन मिनिटांसाठी आदल्या रात्री वाक्यं लिहून ठेवायचा. एकदा एका इंटरव्ह्यूत तो म्हणाला, 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स टू इयर्स.' समोरचा माणूस हसला. नोकरी त्या हसण्यामुळे गेली की नाही ते सांगता येणार नाही, पण पुढचा अर्धा तास याच्या तोंडून धड वाक्य निघालं नाही. आता हे वाक्य मराठीत करा: 'मी दोन वर्षांपासून इथे काम करतोय.' मराठी बिनचूक आहे. त्याने बिनचूक मराठी बिनचूक पद्धतीने इंग्रजीत नेलं, आणि ते चुकलं. मग गडबड कुठे झाली?

आम्ही इंजिनिअर लोक अशा वेळी गिट ब्लेम करतो. म्हणजे कोडमधली ही ओळ कुणी, कधी लिहिली ते मागे मागे जात शोधायचं. आज तेच करू.

पहिला टप्पा जवळचाच आहे. महाराष्ट्रात मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं २००० साली. त्याआधी ते पाचवीपासून असायचं. माझ्या वयाची पिढी म्हणजे पहिलीपासून इंग्रजी शिकलेली अगदी सुरुवातीची पोरं. आमचे गुरुजी-बाई मात्र पाचवीपासून शिकलेले, आणि त्यांना शिकवणारे वेगळ्याच राज्यात वाढलेले. हे 'वेगळं राज्य' नीट लक्षात घ्या, कारण पुण्या-मुंबईच्या पॉडकास्टमध्ये ते सहसा सुटतं.

जालना जिल्हा झाला १ मे १९८१ ला. त्याआधी आपण औरंगाबाद जिल्ह्यात. १९५६ च्या आधी हैदराबाद राज्यात, आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या संस्थानात. तिथे सरकारी कामकाज, कोर्टकचेरी आणि वरचं शिक्षण उर्दूत. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं, त्याचं माध्यमच उर्दू, आणि इंग्रजी हा सक्तीचा विषय. म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांपैकी जो कुणी शिकला तो घरी मराठी, शाळेत उर्दू आणि मग इंग्रजी अशा तीन पायऱ्या चढून गेला. काळाला तो माज़ी, हाल, मुस्तक़बिल म्हणायचा. आणि उर्दू व्याकरणात क्रियापदाला म्हणतात 'फ़ेल'. ग्रामरमध्ये फेल होणाऱ्यांनी हे नोंदवून ठेवावं.

इंग्रजी इथे त्याच्याही आधी आलं होतं, पण पुस्तकातून नाही. २३ सप्टेंबर १८०३ ची असईची लढाई आपल्याच जिल्ह्यातली. एका बाजूला शिंदे आणि नागपूरकर भोसले, दुसऱ्या बाजूला आर्थर वेलस्ली, जो पुढे वॉटर्लूला नेपोलियनसमोर उभा राहिला. त्याच मोहिमेत, असईच्या तीन आठवडे आधी, कर्नल स्टीव्हन्सनने जालन्याचा किल्ला घेतला. नंतर जालन्याला छावणी पडली. छावणीतल्या इंग्रजीत काळ-बिळ फारसे लागत नाहीत, हुकूम लागतो. 'गो', 'कम', 'हॉल्ट'. आज्ञार्थाला हेल्पिंग व्हर्बची गरज नसते!

एक वेगळा माणूसही याच जालन्यातून गेला. रेव्हरंड नारायण शेषाद्री. ब्राह्मण घरात जन्मलेले, पुढे ख्रिस्ती झालेले, आणि जालन्याला मिशनचं काम उभं करणारे. शहराजवळची बेथेल ही वस्ती त्यांचीच. १८७३ साली ते न्यूयॉर्कच्या एका आंतरराष्ट्रीय ख्रिस्ती परिषदेत गेले होते. आपण 'जालन्याच्या पोराला इंग्रजी येत नाही' हे वाक्य ऐकून घेतो तेव्हा मला १८७३ आठवतं.

पण तक्ता? तक्ता छावणीतून नाही आला. तो मुंबईकडून आला.

१८०५ साली बंगालमधल्या सेरामपूरला विल्यम कॅरीने मराठीचं व्याकरण छापलं. ते इंग्रजीत होतं, साहेबांना मराठी शिकण्यासाठी. मराठी माणसासाठी मराठीत लिहिलेलं ठसठशीत व्याकरण आलं १८३६ ला: 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण'. लेखक दादोबा पांडुरंग तर्खडकर, वय अवघं बाविशीच्या आसपास. माझ्या वयाला लोक फ्रेमवर्क शिकतात, या माणसाने भाषेचं फ्रेमवर्क लिहिलं. पुढे त्यांना मराठीचे पाणिनी म्हणायला लागले. दादोबांच्या हाताशी दोन नमुने होते, संस्कृत आणि इंग्रजी. नावं बरीचशी संस्कृतातून आली, मांडणीवर छाप इंग्रजी व्याकरणाची. १९११ ला मोरो केशव दामले यांनी 'शास्त्रीय मराठी व्याकरण' लिहून पुष्कळ गोष्टी तपासून घेतल्या. तरी शाळेच्या पुस्तकात शेवटी काय उरलं? वर्तमान, भूत, भविष्य, आणि प्रत्येकाचे साधा, अपूर्ण, पूर्ण, रीति असे चार प्रकार. तीन चोक बारा!

इथे माझ्या मित्राची अडचण सुरू होते. इंग्रजीचे बारा, मराठीचे बारा. पोराला वाटतं, एकाला एक जोडायचं. पहिल्या तीन उभ्या ओळी बऱ्यापैकी जुळतात. चौथी जुळतच नाही. आपला रीतिकाळ म्हणजे सवय: 'मी सकाळी पळायला जात असतो.' इंग्रजीची चौथी ओळ म्हणजे मागे कधीतरी सुरू होऊन अजून चालू असलेलं काम: 'आय हॅव बीन वर्किंग.' मराठीत त्यासाठी वेगळी चौकटच नाही, आपण साध्या 'करतोय'वर भागवतो आणि 'दोन वर्षांपासून' हे शब्द बाकीचं काम करतात. माझा मित्र 'करतोय'ची चौकट घेऊन गेला. तक्त्याने त्याला तेच शिकवलं होतं.

या जोडाजोडीला घराघरात पोचवलं ते भाषांतराच्या पुस्तकांनी. त्यातलं सगळ्यात गाजलेलं द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांची भाषांतर पाठमाला. आडनाव तेच, माणूस वेगळा. आधी नियम, मग मराठी वाक्यं, त्यांचं इंग्रजी करा. मग इंग्रजी वाक्यं, त्यांचं मराठी करा. कित्येक पिढ्या त्यावर इंग्रजी शिकल्या आणि चांगलं शिकल्या. त्या पुस्तकाला नावं ठेवणं सोपं आहे, मी ठेवणार नाही. पाठमालेत वाक्यं होती, शेकड्याने. क्लासच्या भिंतीवर आली तेव्हा वाक्यं गळाली आणि चौकटी उरल्या.

आता अजून मागे. इंग्रजीचा स्वतःचा तक्ता कुठून आला?

इंग्रजी भाषेचं पहिलं छापील व्याकरण १५८६ चं, विल्यम बुलोकर नावाच्या गृहस्थाचं. बरोबर अडीचशे वर्षं आधी, १५८६ आणि १८३६! आणि गंमत बघा, बुलोकरची खटपट दादोबांसारखीच होती: आमच्या गावठी समजल्या जाणाऱ्या भाषेलाही व्याकरण आहे, हे दाखवायचं. तेव्हा शहाणी भाषा म्हणजे लॅटिन. म्हणून त्याने लॅटिनचा साचा घेतला आणि इंग्रजी त्यात बसवली. पुढे १६५३ ला जॉन वॉलिसने इंग्रजीचं व्याकरण लिहिलं तेही लॅटिन भाषेत. शॅल आणि विल कुठे वापरायचं याचे नियम घालून देणारा हाच.

लॅटिनमध्ये भविष्यकाळ क्रियापदाच्या आतच असतो, आपल्या 'करीन', 'जाईल'सारखा. इंग्रजीत तसं काही नव्हतंच. जुन्या इंग्रजीत काळ दोनच, झालेला आणि न झालेला. आजही इंग्रजी क्रियापदाची स्वतःची रूपं बघा: गो आणि वेंट. बस. भविष्याचं रूप नाही. बाकीच्या दहा चौकटी भरल्यात हेल्पिंग व्हर्बनी. भविष्यकाळाच्या बाबतीत मराठी इंग्रजीपेक्षा श्रीमंत आहे, हे जाता जाता.

मग ही हेल्पिंग व्हर्ब कोण? हा या एपिसोडमधला माझा सगळ्यात आवडता भाग. ही सगळी एकेकाळची पूर्ण वेळ काम करणारी क्रियापदं आहेत.

'विल' म्हणजे इच्छिणे. हजार वर्षांपूर्वी 'आय विल' म्हणजे 'मला हवंय'. जो इच्छितो तो बहुधा करतो, म्हणून हळूहळू ते भविष्य झालं. मूळ अर्थ अजून एका जागी टिकून आहे: कोर्टातलं 'विल'. आपण त्याला काय म्हणतो? इच्छापत्र!

'शॅल' म्हणजे देणं असणे, कर्जाऊ असणे. देणेकऱ्याला द्यावंच लागतं, म्हणून 'शॅल', 'शुड' ही बंधनाची रूपं झाली. आणि आपलं? 'मी त्याचे शंभर रुपये देणं लागतो', आणि 'मला जावं लागतं'. तेच 'लागणे'. दोन भाषा, हजारो मैल अंतर, आणि कर्जातून कर्तव्याकडे जायची वाट एकच.

'कॅन' म्हणजे माहीत असणे. आपण त्या जागी 'येणे' वापरतो: मला पोहता येतं. पोहणं कुठून येतं ते विचारू नका. 'पाहिजे' हे 'पाहणे'चंच जुनं रूप आहे, पण 'मला चहा पाहिजे' म्हणताना कुणी चहाकडे बघत नसतं.

आता 'हॅव'. 'आय हॅव रिटन द लेटर' हे मुळात 'माझ्याकडे लिहिलेलं पत्र आहे' अशा बांधणीतून आलं. जुन्या इंग्रजीत या 'लिहिलेलं'चं रूप कधी कधी पत्राप्रमाणे बदलायचं. पुढे ते बदलणं संपलं. मराठीत ते आजही जिवंत आहे: मी निबंध लिहिला आहे, मी चिठ्ठी लिहिली आहे, मी पत्र लिहिलं आहे. लिहिणारा मी एकच, आणि क्रियापद चालतं निबंध-चिठ्ठी-पत्राच्या तालावर. इंग्रजीने जे टाकून दिलं ते आपण रोज बोलतो आणि त्यात कधी चुकत नाही.

आणि हे फक्त पुस्तकी मराठीचं नाही. आपल्या जालन्याकडे कुणी विचारतं, 'काय करायलास?' उत्तर, 'जेवायलो.' पुण्याच्या होस्टेलवर यावर भरपूर हसले लोक. 'जेवायलो काय, जेवतोय म्हण.' माझ्या मते हे 'जेवायला लागलो'चं आखूड झालेलं रूप आहे, त्यात पुन्हा तेच 'लागणे' बसलंय. 'लागणे' म्हणजे चिकटणे. एखाद्या कामाला चिकटलेला माणूस ते काम करतच असतो. म्हणजे मराठवाड्याने स्वतःचा कंटिन्युअस टेन्स, स्वतःच्या हेल्पिंग व्हर्बसकट, स्वतः तयार केला. कुठल्या तक्त्यात त्याला चौकट नाही. हसणाऱ्यांना हे सांगा.

राहिला 'डू', 'डिड'. सगळ्यात जास्त पोरं इथे पडतात: 'ही डिड नॉट वेंट.' नियम सगळ्यांना पाठ असतो, डिडनंतर पहिलं रूप. तरी बोलताना 'वेंट' येतंच, कारण मन म्हणतं, काल झालंय ना, मग भूतकाळ नको का? आता इतिहास ऐका. शेक्सपिअरच्या आधीच्या इंग्रजीत प्रश्नाला 'डू' सहसा लागत नसे. 'नो यू?' असं सरळ क्रियापद पुढे आणून विचारायचे, आणि नकार द्यायचा तर 'आय नो नॉट'. 'डू' साधारण पंधराव्या शतकापासून शिरत गेला आणि १७०० च्या सुमारास पक्का झाला. अल्व्हार एलेगार्ड नावाच्या स्वीडिश अभ्यासकाने १९५३ साली जुन्या पुस्तकांतली हजारो वाक्यं मोजून त्याचा ग्राफच काढला. सरळ वर जाणारा नाही, मध्येच नकारात खाली येऊन पुन्हा वर जाणारा. म्हणजे इंग्रजांनाही ते एका रात्रीत जमलेलं नाही, दोन-अडीचशे वर्षं लागली.

आणि 'डू' मराठी माणसाला परका आहे असं मला बिलकुल वाटत नाही. आपण रोज काय बोलतो? 'फोन केला', 'ॲप डाउनलोड केलं', 'मी ट्राय केलं नाही'. बघा नीट. इंग्रजी शब्द जसाच्या तसा राहतो, आणि काळ उचलतं कोण? 'करणे'. करतो, केलं, करीन. 'मी ट्राईड केलं' असं तुम्ही कधी कुणाच्या तोंडून ऐकलंय? शाळेत न गेलेला माणूससुद्धा असं म्हणणार नाही. भूतकाळ एकदा 'केलं'ने घेतला की 'ट्राय'ने तो पुन्हा घ्यायचा नसतो, हे कुणी शिकवलेलं नाही, आपल्याला ते आतूनच माहीत आहे. 'डिड नॉट गो' म्हणजे नेमकं तेच. 'डिड' म्हणजे 'केलं', 'गो' म्हणजे तो न बदलणारा 'ट्राय'. 'डिड वेंट' म्हणजे 'ट्राईड केलं'.

हे मी भोकरदनच्या त्या मित्राला फोनवर सांगितलं. तो दहा सेकंद काही बोलला नाही, मग म्हणाला, 'हे सहावीत का नाही सांगितलं कुणी?' मला वाटतं सांगणार कुठून. गुरुजींना तक्ता आला होता मुंबईच्या पुस्तकांवरून, मुंबईला इंग्रजांकडून, इंग्रजांना लॅटिनवरून. या सगळ्या वाटेवर 'करायलो' म्हणणाऱ्या पोराला विचारायला कुणी थांबलं नव्हतं.

एक शेवटचं, कारण मेसेजमध्ये बऱ्याच जणांनी विचारलंय. 'मी कालच आलो आहे' हे मराठीत चालतं. इंग्रजीत 'आय हॅव कम यस्टरडे' चालत नाही. कारण आपण वर बघितलं तेच. 'हॅव' म्हणजे हातात आहे, आत्ता. आणि 'काल' कुणाच्याच हातात नसतो. त्यामुळे काल म्हटलं की 'हॅव' सोडायचं आणि सरळ 'आय केम यस्टरडे' म्हणायचं. आपला 'आहे' एवढा कडक नाही, तो 'काल'लाही जवळ बसू देतो.

पुढच्या भागात मोडी लिपी, आणि ती शाळेतून कशी गेली ते. तोपर्यंत तुमच्या गावाकडे 'करतोय'ला काय म्हणतात ते व्हॉइस नोट करून पाठवा. करायलो, करू लागलो, करून राहिलो, जे काय असेल ते. टाइप करू नका, बोलूनच पाठवा.